‘आई, तुझे खरे केस कसे आहेत?’

पत्र :
ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, मूळचे सांगलीचे. लेक १० वर्षांची, पाचवीत आहे. केस भयंकर कुरळे, रोज सकाळी विंचरताना रडारड आणि बस चुकते. डिसेंबरमध्ये पुण्यात दिराचं लग्न आहे, त्याआधी तिचं केरॅटिन (केस सरळ करायची पार्लरची ट्रीटमेंट) करून घ्यायचं असं माझं आणि सासूबाईंचं ठरलं होतं, अपॉइंटमेंटही घेतली. मध्येच हिने शाळेच्या लायब्ररीतून ‘फ्रिझी’ नावाचं कॉमिकसारखं पुस्तक आणलं आणि वाचून झाल्यावर जाहीर केलं की मी केसांना काहीही करणार नाही. सासूबाई म्हणतात या झिपऱ्या घेऊन लग्नात मिरवणार का, आणि ते पुस्तक काळ्या लोकांचं आहे, आपला काय संबंध. मलाही पुस्तकाचा रागच आला होता. पण परवा तिने विचारलं, आई तुझे खरे केस कसे आहेत, मी कधी बघितलेच नाहीत. माझेही कुरळेच आहेत, पण मी कॉलेजपासून स्ट्रेट करते. मला उत्तर देता आलं नाही. काय करू?
– एक आई

अगं, सगळ्यात आधी ती अपॉइंटमेंट कॅन्सल कर, आणि मग बस आपण बोलू.

यात भावनाबिवनांचा काही संबंध नाही हां, साधी तब्येतीची गोष्ट आहे. केरॅटिन म्हणून जे करतात ना त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्ट्समध्ये फॉर्माल्डिहाइड असतं किंवा असं काहीतरी असतं ज्यातून गरम इस्त्री फिरवली की फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो तो त्याच्यामुळे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची जी कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे तिने फॉर्माल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलेलं आहे. आता पार्लरवाली सांगेल की आमचं ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ आहे, तर त्यातल्या काहींमध्ये मेथिलीन ग्लायकॉल असतं जे गरम झालं की तेच होतं, आणि काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असतं, ज्याच्या ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत नोंदवल्यात. मोठ्या बाईने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं तर करावं, १० वर्षांच्या पोरीला त्या धुरात दोन-तीन तास बसवायचं काही कारण नाही. आणि एवढं करून मुळापाशी नवीन केस कुरळेच येणार कारण केसाचा आकार डोक्याच्या कातडीखाली ठरतो, जिथून केस उगवतो ती पिशवीच वाकडी असते आणि पार्लरला तिथे हात घालता येत नाही.

सासूबाईंना हेच कारण सांग. डॉक्टर नको म्हणाले असं म्हटलं की आपल्याकडे निम्मे वाद मिटतात, तेव्हा पिडियाट्रिशियनला फोन करून खरंच विचारून घे, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही.

आता पुस्तकाबद्दल. तू ते वाचलंस का? पत्रावरून वाटतंय नाही वाचलंस. वाच, तासाभरात होतं, चित्रांचंच आहे. क्लॅरिबेल ऑर्टेगा यांनी लिहिलंय, चित्रं रोज बुसामरा यांची, २०२२ ला आलं, २०२३ मध्ये त्याला पुरा बेलप्रे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कॉमिक्सच्या जगातला आयस्नरही मिळाला. पुरा बेलप्रे म्हणजे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत काम करणाऱ्या प्वेर्तो रिकोच्या बाई, तिथल्या पहिल्या लॅटिना लायब्रेरियन, मुलांना गोष्टी सांगायच्या, त्यांच्या नावाने लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या लेखक-चित्रकारांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना हा पुरस्कार देतात. म्हणजे लायब्ररीत कोणीतरी उगाच आणून ठेवलेलं पुस्तक नाहीये हे.

गोष्ट तशी साधी आहे. मार्लीन नावाची मुलगी, तिचं कुटुंब कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेलं, आणि तिला रविवार म्हटलं की पोटात गोळा येतो कारण रविवारी आई तिला सलूनमध्ये नेते, केस धुणार, रोलर लावणार, ओढणार, सरळ करणार. नातेवाईक ज्याचे केस सरळ त्याचं कौतुक करतात. पोरीला वाटत राहतं की माझ्यातच काहीतरी बिघडलंय आणि ते दर आठवड्याला दुरुस्त करावं लागतं. मग टिया रुबी आहे (टिया म्हणजे स्पॅनिशमध्ये मावशी किंवा आत्या), मार्लीनची लाडकी, ती आपले केस आहेत तसे ठेवते आणि हिलाही शिकवते. बाकी तू वाच.

तुला राग आला तो का आला असेल याचा मी विचार केला. मला वाटतं तुला वाटलं की पुस्तक आईला व्हिलन करतंय. तसं नाहीये गं. त्यातली आई, पाओला, खाष्ट नाही, तिला अगदी मनापासून वाटतं की केस सरळ असले की जग मुलीशी बरं वागेल, आणि तिला तसं वाटायला कारणं आहेत. मला तर पुस्तकातली सगळ्यात जास्त पटलेली व्यक्ती तीच वाटली. मार्लीनपेक्षाही. (माझी एकच तक्रार आहे, प्रत्येक घरात अशी टिया रुबी कुठून आणायची? बहुतेक घरात ती नसतेच, ते काम आईलाच करावं लागतं, जिला स्वतःलाच कोणी शिकवलेलं नसतं.)

आणि मार्लीनच्या आईची ती कारणं आपली नाहीत, हे मात्र नीट समजून घे म्हणजे सासूबाईंच्या ‘काळ्या लोकांचं पुस्तक’ला उत्तर देता येईल. डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैती हे एकाच बेटाचे दोन भाग, दोन्हीकडे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, पण डॉमिनिकन बाजूला गोरेपणा आणि स्पॅनिशपणा मिरवायची आणि हैतीयन म्हणजे काळे म्हणजे खालचे असं मानायची सवय पिढ्यान्पिढ्या लावली गेली. १९३० ते १९६१ पर्यंत तिथे त्रुहियो नावाचा हुकूमशहा होता, तो स्वतः उजळ दिसावं म्हणून तोंडाला पावडर थापायचा, आणि १९३७ मध्ये त्याच्या हुकमाने सीमेजवळच्या हजारो हैतीयन लोकांची कत्तल झाली. अशा ठिकाणी केसावरून माणूस कुठला ते ओळखतात. सरळ ते ‘पेलो बुएनो’, चांगले केस, आणि घट्ट कुरळे ते ‘पेलो मालो’, वाईट केस, हे तिथे आज्या नातींना सहज बोलता बोलता म्हणतात. तिथल्या बायका सलूनचं काम इतकं उत्तम करतात की न्यूयॉर्कला वॉशिंग्टन हाइट्समध्ये गल्लोगल्ली डॉमिनिकन सलून आहेत आणि ‘डॉमिनिकन ब्लोआउट’ म्हणून ती स्टाइल प्रसिद्ध आहे, मोठे रोलर, डोक्यावर घंटेसारखा ड्रायर, मग गोल ब्रश आणि गरम हवा. आणि त्याच समाजात त्याच्या उलटही चाललंय, तिथल्या राजधानीत, सांतो दोमिंगोत, कॅरोलिना कॉन्ट्रेरस या बाईंनी २०१४ मध्ये फक्त नैसर्गिक कुरळ्या केसांसाठी ‘मिस रिसोस’ नावाचं सलून काढलं. तुमच्या एडिसनच्या जवळच पर्थ अँबॉय आहे ना, तिथे केवढी डॉमिनिकन वस्ती आहे, म्हणजे हे पुस्तक तुमच्यासाठी काही सातासमुद्रापारचं नाही, अक्षरशः पलीकडच्या गावातल्या लोकांचं आहे.

आणि तुमच्याच न्यू जर्सीत डिसेंबर २०१८ मध्ये शाळेच्या कुस्तीच्या मॅचआधी एका काळ्या मुलाला सांगितलं होतं की ड्रेडलॉक्स (जटांसारख्या वळलेल्या बटा) काप नाहीतर बाद, आणि सगळ्यांसमोर कात्रीने कापले. व्हिडिओ जगभर फिरला. बरोब्बर एक वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, राज्याने क्राउन अ‍ॅक्ट केला, की केसाच्या पोतावरून, स्टाइलवरून भेदभाव केला तर तो वंशभेदच धरला जाईल. एवढं सगळं त्या पुस्तकाच्या मागे आहे. तेव्हा तुझी लेक ‘मी पण मार्लीनसारखीच’ म्हणाली तर तिला गप्प करू नकोस पण एवढं सांग की तिच्या आजीला ज्या झिपऱ्या दिसतात आणि मार्लीनच्या घरच्यांना जे दिसतं त्यात फरक आहे. आपल्या केसांमुळे आपल्याला कोणी नोकरी नाकारत नाही. आपल्याला चिडवतात. मॅगी म्हणतात, सत्यसाईबाबा म्हणतात, डोक्यावर टोपलं घेऊन आली म्हणतात, ते लागतंच, पण ते वेगळं. आणि ‘काळ्या लोकांचं’ असं नाक मुरडायला आपण फार गोरे लागून गेलोय असंही नाही, जंजिऱ्यावर राज्य मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींचं होतं, आणि इथे खाली कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी समाजाच्या मुलींना शाळेत केसांवरून काय ऐकावं लागत असेल ते कोणी पुस्तकात काढलं तर आपल्यालाच वाचायला जड जाईल.

हे झालं पुस्तकाचं. आता तुझ्या पत्रातलं खरं वाक्य, जे तू शेवटी हळूच लिहिलंयस.

तिने विचारलं तुझे खरे केस कसे आहेत. अगं, ती तुला जाब विचारत नाहीये. १० वर्षांच्या मुलीला त्यात कुत्सित काही म्हणायचं नसतं, तिला साधी माहिती हवी आहे, कारण तिने घरात तिच्यासारखे केस कोणाचेच पाहिले नाहीत, तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर काय आहे ते तू लिहिलं नाहीस पण चाळिशीच्या मराठी पुरुषाच्या डोक्यावर दाखवण्यासारखं फार उरलेलं नसतं. तर तिला दाखव. शाळेतला फोटो असेलच सांगलीला, भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांग, तो रिबिनीचा, तेल थापून दोन वेण्या घातलेला नको, पोहून आल्यावरचा किंवा कुठल्या ट्रिपचा. आणि मग तिला खरं काय ते सांग. कोण काय म्हणालं, तू पहिल्यांदा कधी स्ट्रेट केलेस, किती खूश झाली होतीस, तेही सांग, खूश झाली होतीस हे लपवू नकोस. आता तुला सरळच आवडत असतील तर तसं सांग, कंटाळा आला असेल पण सोडायची भीती वाटत असेल तर तेही सांग, मुलींना हे सगळं समजतं, त्यांना फक्त ‘काही नाही गं, असंच’ हे उत्तर समजत नाही.

तू विचारलं नाहीस पण मनात असणारच म्हणून सांगते, तू स्वतः स्ट्रेट करणं बंद केलंच पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही. हल्ली इंस्टाग्रामवर कुरळ्या केसांचा जो काही सोहळा चाललाय, कर्ली जर्नी आणि काय काय, त्यात बायकांवर एक नवीनच ओझं आलंय की आता केस नैसर्गिक ठेवले नाहीस तर तू स्वतःवर प्रेम करत नाहीस. हे मला झेपत नाही. डोकं तुझं आहे. लेकीलाही हीच सूट हवी, ती उद्या १५ वर्षांची झाली आणि म्हणाली मला एकदा इस्त्री करून बघायचंय तर पुस्तकाची आठवण काढून तिला टोचू नका. आज तिला जे हवंय तेवढं आज करू द्या. फक्त एक कर, तिच्यासमोर आरशात बघून ‘शी, काय अवतार झालाय केसांचा’ हे म्हणणं बंद. स्वतःच्या केसांबद्दलही नाही. तिचे तुझ्यावर गेलेत हे तिला आता माहीत असणार आहे, त्यामुळे तू तुझ्याबद्दल जे म्हणशील ते ती स्वतःला लावून घेणार.

आता सकाळची रडारड, जी माझ्या मते निम्मं भांडण आहे. तुम्ही कोरडे केस विंचरताय. हो ना? बारीक दातांचा कंगवा, वरून खाली, बस यायला दहा मिनिटं. कुरळा केस असा विंचरायचाच नसतो बाई. डोक्यातून जे तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, कुरळ्याला वळणावळणावर अडतं, म्हणून टोकं कायम कोरडी आणि कोरडे केस एकमेकात अडकणारच. आठवड्यातून दोनदा, न्हाताना, कंडिशनर भरपूर लावून केस ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने किंवा नुसत्या बोटांनी सोडवायचे, टोकाकडून सुरू करून वर वर जायचं. बाकी दिवस कंगवा कपाटात. सकाळी हात ओले करून किंवा पाण्याचा फवारा मारून केस नुसते सारखे करायचे, झालं, बस मिळते.

पुसायला टर्किश टॉवेल नको, तो केस पिंजून काढतो, घरात पंचा असेल तर तो सगळ्यात छान, नाहीतर जुना सुती टीशर्ट, आणि खसाखसा पुसायचं नाही, खालून मुठीत धरून दाबायचं. उशीला सुती अभ्रा असेल तर तो रात्रभर केसातला ओलावा शोषतो आणि घासतो पण, त्यापेक्षा जुन्या सॅटिनच्या परकराची खोळ शिवून टाक.

जेलवर पैसे घालवू नकोस. पाव वाटी अळशी म्हणजे आपलं जवस, दोन वाट्या पाणी, ढवळत उकळव, अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत झालं की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळ. गार झाल्यावर प्रयत्न केलास तर गाळलं जात नाही, हात दुखतात आणि शिव्या येतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास यायला लागला की फेकून दे. ओल्या केसांना लावायचं, मुठीत चुरगाळायचं, वाळू द्यायचं, वाळल्यावर केस कडक झाल्यासारखे वाटतात, मग परत हाताने चुरगाळले की मोकळे होतात. पहिल्या वेळी जमेलच असं नाही.

आणि तेल. इथे सासूबाईंचं बरोबर आहे आणि ते त्यांना सांगून टाक, त्याने पुढची बोलणी सोपी होतील. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात खोबरेल तेलाने केसातलं प्रोटीन कमी जातं असं दिसलं कारण ते केसाच्या आत शिरतं. आता खोबरेल विकणाऱ्या कंपनीने खोबरेल चांगलं म्हटलं तर त्यात काय नवल, पण ते संशोधन केसांवर लिहिणारे बाकीचे लोकही मानतात. फक्त न्हायच्या आधी तास-दोन तास लावायचं आणि धुवायचं. रोज सकाळी चप्प बसवून वेणी घालण्यासाठी लावायचं नाही. म्हणजे भारतात आलात की आज्जीने तेल लावायचं, नातीने मांडीवर डोकं ठेवायचं, ते चालू राहू दे, ते कशाला बंद करायचं.

लग्नाचं म्हणशील तर डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी आणि गार असते, कुरळे केस जुलैत जेवढे फुगतात तेवढे तेव्हा फुगत नाहीत, फक्त कोरडे पडतील म्हणून कंडिशनर जास्त. काकाच्या लग्नात ती करवली म्हणून मिरवणार असेल तर वरचे केस मागे घेऊन बांधायचे, खालचे मोकळे, आणि अबोलीचा किंवा मोगऱ्याचा गजरा. कुरळ्या केसात गजरा यू-पिनांनी असा बसतो की सुटत नाही, सरळ केसांच्या बायका दर तासाला मागे हात नेऊन बघतात पडला का. खोपा घालायचा तरी आतून केस पिंजावे लागत नाहीत, तो आपोआप भरदार होतो. आणि रिसेप्शनच्या संध्याकाळी गंमत बघ, पार्लरवाली नवरीला समोर बसवून टाँगने एकेक बट गुंडाळून कर्ल्सच काढत असेल, तेही पैसे घेऊन. तेव्हा सासूबाई तिथेच असतील तर त्यांच्याकडे बघून काहीही बोलू नकोस, नुसती उभी राहा.

सासूबाईंचं मी समजू शकते, त्यांच्या धाकट्याचं लग्न आहे, नात परदेशातून येणार, चार लोकांत उठून दिसावी असं त्यांना वाटतं, झिपऱ्या हा शब्द त्या काही दुष्टपणाने वापरत नाहीत, त्यांच्या आईने त्यांना हेच म्हटलेलं असतं. पण तो शब्द नातीसमोर नको हे सांगायचं काम नवऱ्याचं आहे, तुझं नाही. त्याची आई, त्याने फोन करायचा, विमानात बसायच्या आधी. ‘आई, तिला केसांवरून काही बोलू नकोस, तिला लागतं’, एवढंच, लेक्चर नको, अमेरिका नको, क्राउन अ‍ॅक्ट तर अजिबात नको. लग्नघरात दुसरं कोणी बोललंच, एखादी चुलत आत्या हमखास बोलतेच, तर लेकीला एक ठरलेलं वाक्य देऊन ठेव. ‘आईवर गेलेत’ हे चालेल. हसून म्हटलं की पुढचं बोलणं संपतं, आणि ते म्हणताना तू शेजारी उभी असशील तर बरं.

पार्लरच्या बाईला मात्र आधीच फोनवर सांगून ठेव की मुलीचे केस कोरडे विंचरायचे नाहीत आणि ब्लो ड्राय नाही, नाहीतर ती ब्रश घेऊन सुरू होईल आणि मुहूर्ताच्या गडबडीत कोणाचंच लक्ष नसेल. शक्य असेल तर सकाळचे केस तूच कर. अळशीचं जेल तिकडून आणू नकोस, केबिन बॅगेत १०० मिलीच्या वर नेऊ देत नाहीत आणि चेक-इनमध्ये सांडलं तर सगळ्या साड्यांची वाट लागेल, पुण्यात कुठल्याही किराणा दुकानात जवस मिळतं, आदल्या दिवशी उकळव.